पांढरी दोनच्या किंचित वर

पुण्यात डेक्कनवरच्या एका जुन्या तीन मजली इमारतीत, तळमजल्यावरच्या बिऱ्हाडात, १९७४ सालापासून दर रविवारी सकाळी साडेनऊला एक बैठक भरत असे. दाराबाहेर दोन सायकली आणि एक लॅम्ब्रेटा उभी राहिली की शेजारी समजून चुकत, आता तासभर ‘ते इंग्रजी’ चालणार. बैठकीला नाव नव्हतं, वर्गणी नव्हती. नियम मात्र कडक. प्रत्येकानं आठवडाभर घरी जी रेकॉर्ड लावली असेल ती आणायची, तीच का लावली हे दोन वाक्यांत सांगायचं, आणि तिची एकच बाजू वाजवायची. सुई टेकली की बोलणं बंद. पोहे नंतर.

घर होतं एका बँक मॅनेजरांचं. त्यांचा जीव जॅझवर. १९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिकेवर विलिस कोनोव्हर नावाचा एक निवेदक जॅझचा कार्यक्रम सादर करी. परदेशातल्या श्रोत्यांना कळावं म्हणून तो एकेक शब्द सुटा करून सावकाश बोले. कॉलेजात असताना मॅनेजर हा कार्यक्रम शॉर्टवेव्हवर खरखरीतून वेचून वेचून ऐकत. इंग्रजी उच्चार तिथंच सुधारले, असं ते म्हणत. पिंपरीच्या कारखान्यातला एक तरुण इंजिनिअर रॉकवाला होता. तो डीप पर्पल आणायचा, पिंक फ्लॉइड आणायचा, आणि आवाज थोडा वाढवू का, असं प्रत्येक वेळी विचारायचा. कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग या जोडीची १९५६ ची रेकॉर्ड इतकी प्रिय, की पाचव्यांदा आणली तेव्हा इंजिनिअरनं नियमदुरुस्तीची मागणी केली. ती फेटाळली गेली.

चौथे अंकल. हे कॅम्पातले, मूळ गोव्याचे, तरुणपणी मुंबईत हॉटेलच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलेले. रेकॉर्ड घेऊन येत, पण त्यांच्याकडून ऐकायचं ते वेगळंच. ‘अलबेला’तली ती धमाल गाणी मराठी माणूस आपल्या चितळकरांची म्हणून गातो. पण १९५१ च्या त्या चित्रपटात सी. रामचंद्रांच्या साथीला चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड होता. चिक चॉकलेट म्हणजे हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, मुंबईचे ‘लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून ओळखले जाणारे. “तुम्ही लोक लहानपणापासून जॅझवर नाचता, आणि मोठे झालात की म्हणता जॅझ कळत नाही,” असं अंकल म्हणत. खुद्द आर्मस्ट्राँग १९६४ साली मुंबईला आला तेव्हा अंकल ऐकायला गेले होते. त्याबद्दल विचारलं तर मात्र ते नुसते हात हलवत. सांगण्यासारखं नाही, ऐकण्यासारखं होतं, असा त्याचा अर्थ.

पाचवे मास्तर. यांचा प्रवेश भांडणातून झाला.

मास्तर वरच्या मजल्यावर राहत. शाळेत विज्ञान शिकवत, आणि संध्याकाळी पेटी वाजवत. कीर्तनाला, नाट्यसंगीताच्या मैफलीला, कधी भजनाला साथ. हात अतिशय स्वच्छ, आणि कान त्याहून. १९७६ च्या एका रविवारी खालचा गोंगाट असह्य होऊन ते तक्रार करायला खाली उतरले. दार उघडंच होतं. आत सगळे डोळे मिटून बसलेले. तक्रार करायची तर रेकॉर्ड थांबायला हवी, म्हणून मास्तर उंबऱ्यावर उभे राहिले. बाजू संपली. ते म्हणाले, “मघाशी मध्ये एक जागा घेतली त्यानं, ती परत लावता येईल का?” त्या दिवसापासून बैठकीत एक वेताची खुर्ची वाढली. मॅनेजरांची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. पुढे ती मास्तरांकडे पेटी शिकायला जाऊ लागली, तेही या ओळखीतूनच.

त्या काळात रेकॉर्ड मिळवणं हा एक उद्योगच होता. लोकप्रिय असेल ते दमदमच्या कारखान्यात छापलेलं दुकानात मिळे. बाकीचं कुणाचा भाऊ बोटीवर असेल, कुणाचा मेहुणा अमेरिकेत असेल, त्याच्या बॅगेतून येई. मुंबईला काळा घोड्याजवळचं ‘ऱ्हिदम हाऊस’ हे या मंडळींचं पंढरपूर. तिथल्या छोट्या खोपट्यांत उभं राहून रेकॉर्ड ऐकता येई. ते दुकान २०१६ साली बंद झालं. एकाकडे आलेली तबकडी पाच घरांत फिरे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला एक अख्खी एलपी भरता येई, शेवटच्या गाण्याचं शेपूट कधी कधी कापलं जाई. इंजिनिअरकडची कित्येक गाणी अशी शेपूटतुटकीच होती, आणि वीस वर्षांनी पूर्ण ऐकल्यावर ती त्याला चुकीची वाटली!

१९७८ च्या फेब्रुवारीत मुंबईला रंगभवनात पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली. निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभी केली होती. सॅक्सोफोनवाला सॉनी रॉलिन्स येणार म्हटल्यावर पाचही जण निघाले. मास्तरांनी शाळेत रजा टाकली. परतीच्या गाडीत ते गप्प होते, आणि लोणावळा येईपर्यंत मांडीवर ताल धरून काहीतरी मोजत होते.

त्याच्या पुढच्या वर्षी मॅनेजरांच्या मेहुण्यानं बोटीवरून येताना एक रेकॉर्ड आणली. माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’. १९५९ च्या २ मार्च आणि २२ एप्रिल या दोन दिवसांत न्यूयॉर्कमध्ये, एका जुन्या चर्चच्या इमारतीतल्या कोलंबियाच्या स्टुडिओत ती मुद्रित झाली. डेव्हिसचा ट्रम्पेट, कोल्ट्रेन आणि ॲडर्लीचे सॅक्सोफोन, बिल एव्हान्सचा पियानो. जॅझ न ऐकणाऱ्याच्या घरीही ही एक रेकॉर्ड सापडते, इतकी ती पुढे खपली. मॅनेजरांनी ती हळदीकुंकवाला काढायच्या साडीसारखी कागदात गुंडाळून ठेवली होती.

पहिलंच गाणं, ‘सो व्हॉट’. आधी बासचे जाड, खर्जातले स्वर काहीतरी विचारतात, आणि बाकीचे दोनच स्वरांत उत्तर देतात. पुन्हा विचारणं, पुन्हा तेच उत्तर. मास्तर पुढे सरकून बसले. बोलण्याची बंदी म्हणून थांबले, आणि बाजू संपल्यावर म्हणाले, “अहो, हा काफी थाट आहे की! गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. आणि एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी ओढायचं, हे तर भजनच झालं.”

ते खरंच होतं. त्याआधीच्या जॅझमध्ये सुरावटीखालचे स्वरसमूह भराभर बदलत, आणि वादकाला त्यांच्या मागे धावावं लागे. डेव्हिसनं या रेकॉर्डवर ती धावपळ जवळजवळ थांबवली. एक सप्तक घ्यायचं आणि त्यातच सावकाश हिंडायचं. सोळा मात्रागट एका षड्जावर, मग आठ अर्ध्या सुरानं वर, मग आठ पुन्हा मूळ ठिकाणी. मास्तरांनी ते वर जाऊन पेटीवर काढून पाहिलं आणि पुढच्या रविवारी सांगितलं, “पांढरी दोनवर आहे. मध्ये सगळा संसार उचलून काळी दोनवर नेतो आणि परत आणून ठेवतो. आपल्याकडे साथीदारानं असं केलं तर गवई उठून जाईल. इथं कुणाचं काही बिघडत नाही.” मग किंचित थांबून, “पण एक आहे. पांढरी दोनवर आहे म्हणजे, बरोब्बर पांढरी दोनवर नाही. थोडं वर आहे.”

तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. मास्तरांनी मात्र पिच्छा सोडला नाही. चार वर्षांत, जेव्हा जेव्हा ती बाजू लागे, तेव्हा ते म्हणत, “चढी आहे.” मॅनेजरांचा टर्नटेबल परदेशी होता. दोन बोनस आणि पत्नीचे सहा महिन्यांचे टोमणे सोसून घेतलेला. टर्नटेबल जोरात फिरतो, असा त्यांनी याचा अर्थ घेतला, आणि तो त्यांना लागला.

इंजिनिअरनं उपाय सांगितला. जाड कागदाची चकती घ्यायची, तिच्या कडेला १८० काळ्या रेघा मारायच्या, आणि ती ट्यूबलाइटखाली तबकडीसारखी फिरवायची. आपल्याकडची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. टर्नटेबल मिनिटाला बरोबर सव्वातेहतीसच्या जरा वर, म्हणजे तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेत असेल, तर रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. वेग जास्त असेल तर पुढे सरकतात, कमी असेल तर मागे. मॅनेजरांची मुलगी तेव्हा आठवीत होती. तिनं कंपासपेटीतला कोनमापक घेऊन दर दोन अंशांना एक अशा १८० रेघा काळ्या शाईनं आखल्या. रविवारी चकती फिरली. रेघा थांबल्या.

“पाहिलंत?” मॅनेजर म्हणाले.

मास्तर म्हणाले, “टर्नटेबल बरोबरच आहे. मी कुठं नाही म्हणतो? दुसरी बाजू लावून बघा. ‘ऑल ब्लूज’ पांढरी पाचला तंतोतंत मिळतं. यंत्र एकच, पेटी एकच. पहिली बाजू तेवढी चढी आहे.”

या युक्तिवादात काडीची चूक नव्हती. पण हरलेल्या माणसाला युक्तिवाद ऐकू येत नाही. मॅनेजर म्हणाले, “मास्तर, कोलंबिया कंपनीच्या इंजिनिअरांना जे कळलं नाही, जगातल्या लाखो लोकांना चोवीस वर्षांत जे कळलं नाही, ते तुमच्या भजनाच्या पेटीला कळलं होय?”

इंजिनिअर मोठ्यानं हसला. अंकलही हसले. इंग्रजीच्या बाई हसल्या नाहीत. मास्तरांनी बशीतले पोहे संपवले, बशी मोरीपाशी नेऊन ठेवली, मुलीच्या चकतीकडे बघून “रेघा छान आल्यात गं” म्हणाले, आणि वर गेले. ही १९८३ च्या पावसाळ्यातली गोष्ट.

ते परत आले नाहीत. भांडण म्हणावं तर काही नव्हतं. जिन्यात भेट झाली की दोघं बोलत, पाण्याची टाकी, जिन्यातला दिवा, भाडेकरूंची सभा. वेताची खुर्ची महिनाभर मांडली गेली, मग त्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा आला. मुलीची शिकवणी कुणी बंद केली नाही. तिलाच वर जायला अवघड वाटू लागलं, आणि दहावीचं निमित्त मिळालं. आपल्याकडे बहुतेक संबंध असेच तुटतात, निमित्ताच्या आधारानं. बैठकही पुढे विरळ झाली. अंकल गोव्याला परतले, इंजिनिअरची बदली झाली, बाई निवृत्त होऊन मुलाकडे गेल्या. मॅनेजर एकटेच रविवारी एक बाजू लावत.

१९९८ साली मुलगी अमेरिकेहून पंधरा दिवसांसाठी आली. वडिलांसाठी तिनं ‘काइंड ऑफ ब्लू’ची नवी सीडी आणली होती. मॅनेजरांनी चष्मा लावून सोबतची पुस्तिका वाचायला घेतली आणि दुसऱ्या चहाला ती बाजूला ठेवली. चहा तसाच राहिला.

घडलं होतं ते असं. १९५९ च्या त्या पहिल्या दिवशी, २ मार्चला, स्टुडिओत दोन यंत्रांवर एकाच वेळी मुद्रण चाललं होतं. एक मुख्य, एक हाताशी असावं म्हणून राखीव. त्यातलं मुख्य यंत्र किंचित सावकाश चाललं होतं. सावकाश फिरणाऱ्या फितीवर घेतलेला आवाज नीट वेगाच्या यंत्रावर लावला, की तो भरभर वाजतो आणि सूर वर चढतो. रेकॉर्ड या मुख्य फितीवरूनच निघाली. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी त्या दिवसाची, तीन्ही चढी. दुसरी बाजू एप्रिलमधली, ती बरोबर. १९९२ साली राखीव फीत काढून नवी आवृत्ती केली तेव्हा हा दोष प्रथमच दुरुस्त झाला. म्हणजे तेहतीस वर्षं जगभर लोक ती बाजू मूळ सुरापेक्षा किंचित वर ऐकत होते, आणि त्यावर हुकूम काही वादक घरी बसून वाजवून शिकतही होते.

मुलगी म्हणाली, “बाबा, मास्तरकाकांना सांगायला हवं.”

“सांगू,” मॅनेजर म्हणाले. त्याला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मुलीनं विचारलं नाही. आपला छोटा सीडी प्लेअर आणि दोन लहान स्पीकर टेबलावर आणून ठेवले, एवढंच.

वर दार मास्तरांच्या पत्नीनं उघडलं. “वहिनी, मास्तर आहेत का?” त्या म्हणाल्या, “आहेत की. का, पाणी आलं नाही का?”

मास्तर खिडकीशी बसले होते. अठ्ठ्याहत्तर वय, डाव्या कानात यंत्र. मॅनेजरांनी जिना चढताना चार वाक्यं जुळवली होती. ती सगळी गेली, आणि ते म्हणाले, “मास्तर, तुमचं बरोबर होतं.”

कशाबद्दल, असं मास्तरांनी विचारलं नाही. “काय सापडलं?” एवढंच विचारलं. मॅनेजरांनी पुस्तिका मोठ्यानं वाचून दाखवली. यंत्र सावकाश चाललं होतं, इथपर्यंत आल्यावर मास्तर म्हणाले, “मग वाजवताना चढणारच. सातवीच्या मुलाला कळेल.” मग बराच वेळ काही नाही. मॅनेजर म्हणाले, “त्या दिवशी मी जे बोललो...”

“त्या दिवशी पोह्यांत मीठ कमी होतं,” मास्तर म्हणाले. “लावा बघू.”

त्यांनी पलंगाखालून पेटी ओढायला सांगितली. खोळीवर धूळ होती. पण ती समोर आल्यावर मास्तरांनी हात मागे घेतला. “मला आता खात्री देता येणार नाही. एकच पट्टी दाबली तरी या कानात एक सूर येतो, त्या कानात दुसरा. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं कुणाकुणाला. दोन वर्षं पेटी काढलेली नाही. तुम्हीच बघा.”

“मला कुठं कळतं त्यातलं?”

“चाळीस वर्षं ऐकताय ना?”

मास्तरांनी भाता धरला आणि मॅनेजरांचं बोट पांढरी दोनवर नेऊन ठेवलं. बासनं प्रश्न विचारला, बाकीच्यांनी उत्तर दिलं. “जुळतं,” मॅनेजर लगेच म्हणाले.

“घाई करू नका. दोन सूर अगदी जवळजवळ असले, पण एक नसले, की मध्ये थरथर येते. लाट आल्यासारखी. ती आहे का ते ऐका.”

मुलीनं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. मॅनेजर खाली मान घालून ऐकू लागले. ज्या रेकॉर्डवर त्यांनी चार वर्षं वाद घातला, तिच्यातला एक सूर एवढा वेळ धरून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला असेल. पेटीचा सूर आणि बासचा सूर एकमेकांत शिरले आणि तिथंच राहिले.

“नाही,” ते म्हणाले. “थरथर नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

मास्तरांनी भाता सोडला नाही. “आता थोड्या वेळानं काळी दोन येईल. बोट तयार ठेवा.” ती आली तेव्हा मॅनेजरांचं बोट उशिरा हललं, पेटी आणि रेकॉर्ड एकमेकांवर करकचून घासले, आणि त्यांचा चेहरा बघून मास्तर हसले. कान फसले तरी तेवढं त्यांना दिसलं.

मुलगी जाण्याआधीचा रविवार होता. वर्तमानपत्रांचा गठ्ठा तिनं सकाळीच हलवून ठेवला होता. साडेनऊला मास्तर कठड्याला धरून तीन-तीन पायऱ्यांवर थांबत खाली आले, वेताच्या खुर्चीत बसले, आणि मॅनेजर सीडी काढू लागले तसं त्यांनी हात वर केला.

“ती दुरुस्त केलेली राहू दे,” ते म्हणाले. “आपली चढी लावा.”